‘सुंदर’ हा शब्द आठवडाभर बंद



आठवीच्या मुलांना ‘हिवाळ्यातील एक सकाळ’ हा निबंध दिला होता. बहुतेक वह्यांत तीच ‘गुलाबी थंडी’ आणि तेच ‘निसर्गाचे सुंदर दृश्य’. सगळं गाईडमधलं! एकाला जवळ बोलावून विचारलं, “काल सकाळी तू खरंच काय केलंस?”

“सर, शेतात आगटी पेटवली. कणसं भाजून हुरडा खाल्ला. हाताला चटके बसले.”

“मग हे का नाही लिहिलंस?”

“असलं निबंधात चालतंय का सर?”

हा प्रश्न मला लागला. दोष त्याचा नव्हता. निबंध म्हणून त्याने गाईडशिवाय दुसरं काही वाचलंच नव्हतं.

जानेवारी २०२० मध्ये आपल्याकडे, तेव्हाच्या उस्मानाबादला, ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. तिथून आणलेलं दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ कपाटात होतं. १९५६ सालचं हे पुस्तक बारा महिन्यांवरच्या ललित लेखांचं आहे. त्यात नुसतं ‘झाड’ नसतं, झाडाला नाव असतं.

पहिल्या दिवशी मी अख्खा लेख वाचला आणि अर्धा वर्ग जांभया देऊ लागला. भाषा तशी सोपी नाही. मग चालू महिन्याचा एकच परिच्छेद मोठ्याने वाचायचा, असं ठरवलं. अडलेल्या शब्दाचा अर्थ आधी वाक्यावरून ओळखायचा, शब्दकोश नंतर. मग एक गंमत: लेखिकेचा एखादा नेमका शब्द काढून तिथे ‘सुंदर’ घालायचा आणि वाक्य पुन्हा वाचायचं. पोरं हसतात, पण काय हरवलं ते त्यांना बरोबर कळतं. रसग्रहण यापेक्षा वेगळं काय असतं? फाल्गुनात बालाघाटच्या डोंगरावर पळस फुलला, की बाहेर जाऊन बघायचं आणि पाच ओळी लिहायच्या. तेव्हा आठवडाभर ‘सुंदर’ बंद!

पालक विचारतात, “बोलीतले शब्द लिहिले तर मार्क जातील का?” शुद्धलेखन आणि वाक्यरचना मी तपासतोच. पण ‘आगटी’खाली लाल रेघ मारत नाही. त्या वस्तूला दुसरा नेमका शब्द आहे कुठे?

घरी एवढं करा: लेकराला आजीजवळ बसवा आणि जुन्या घराबद्दल विचारायला सांगा. माळवद, उतरंड असे शब्द आपोआप निघतात. आमच्या वर्गातल्या एका मुलीने ‘बळद’ हा शब्द आणला. धान्य साठवायची ही जागा निम्म्या वर्गाला ठाऊकच नव्हती. तिने फळ्यावर चित्र काढून दाखवलं.