पिंडी ते ब्रह्मांडी : अणू आणि सूर्यमाला

‘पिंडी ते ब्रह्मांडी’ सांगताना प्रवचनात हमखास अणूचा दाखला येतो. मध्ये केंद्रक, भोवती फिरणारे इलेक्ट्रॉन, जणू छोटी सूर्यमालाच. हे चित्र रदरफर्ड यांच्या १९११ च्या संशोधनातून रूढ झाले. साम्य आहेच. सूर्यमालेचे ९९ टक्क्यांहून जास्त वस्तुमान एकट्या सूर्यात, तसेच अणूचे केंद्रकात. बाकी बहुतेक पोकळीच म्हणा ना. पण दोन खात्यांची शिल्लक जुळली म्हणून खाती एक होत नाहीत.

इलेक्ट्रॉनवर विद्युतभार असतो. असा कण ग्रहासारखा गोल फिरत राहिला, तर त्याची ऊर्जा प्रकाशरूपाने खर्च होत जाते. जमा काही नाही, नुसती नावे! डोळ्याचे पाते लवायच्या आत तो केंद्रकात कोसळला असता; मग ना पादुका, ना औदुंबर. म्हणून बोर यांनी १९१३ मध्ये ठराविक ऊर्जेच्याच कक्षा मांडल्या. पुढे १९२६ मध्ये श्रोडिंगर यांचे समीकरण आले आणि कक्षेची रेघही पुसली गेली. इलेक्ट्रॉन कुठे सापडेल याची शक्यता तेवढी उरली, ढगासारखी पसरलेली.

साम्य दाखवायचेच तर मला दुसरे जास्त पटते. ग्रह सगळे वेगळे, गुरू कुठे नि बुध कुठे! इलेक्ट्रॉन मात्र तंतोतंत सारखे. सूर्यातले, पादुकांतले आणि तुमच्या-माझ्या देहातलेसुद्धा.