अर्थ मागाहून लागतो गं

तुला एक मनातलं सांगू? ‘जे होतं ते चांगल्यासाठीच’ असं सध्या कुणी म्हटलं की तुझ्या मस्तकात तिडीक जाते ना? जाऊ दे, त्यात तुझं काही चुकत नाही. नवऱ्याची नोकरी गेलेली, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, धाकटीची दहावी, आणि सकाळच्या दुधापासून रात्रीच्या औषधांपर्यंत सगळं तुझ्या एकटीच्या गळ्यात. यातून देवाला काय शिकवायचंय, याचा विचार करायला सवड तरी कुठून आणायची?

अशा वेळी लोक तुकोबांचा दाखला देतात. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांचा व्यापार बुडाला, पहिली बायको गेली, पोरगा गेला. आणि त्या आपत्तीबद्दल त्यांनी अभंगात देवाचे आभार मानले. खरं आहे. पण ते आभार नंतरचे. घरात दाणा नसताना कुणी त्यांच्याकडून ते वदवून घ्यायला गेलं असतं, तर?

जमेल तेव्हा लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा काढ. शाळेत धडा म्हणून वाचलं होतं, ते वेगळं. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई कडक सोवळ्यात वाढलेल्या, पदरात लहानगा दत्तू. नवरा जिवंत, पण एका घरात नांदायची सोय राहिली नाही. काही वर्षं नातलगांच्या आश्रयाने काढली, लोकांची बोलणी खाल्ली. पुढे त्या टिळकांकडे गेल्या, तरी लगेच सगळं पटलं असं नाही. सोवळं सुटायला, जातपात मनातून जायला वेळ लागला. १९०० साली त्यांनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला.

आणि पुस्तकाचा पहिला भाग कधी आला? १९३४ मध्ये. तोवर त्या साठीच्या पुढे होत्या. म्हणून तर वडिलांच्या सोवळ्याचा जाच, टिळकांचा लहरी स्वभाव, त्यांच्या हातात पैसा न टिकणं, हे सगळं त्या हसत हसत सांगतात आणि आपल्यालाही हसवतात. ऐन त्या दिवसांत हे हसू त्यांच्याजवळ असेल असं मला वाटत नाही. शिवाय उपदेशाच्या फंदात त्या फारशा पडत नाहीत. कोण आलं, कोण काय बोललं, घरात काय होतं नि काय नव्हतं, ते सांगतात. अर्थ आपला आपल्याला कळतो.

म्हणून म्हणते, अर्थ शोधायचा नाद आत्ता सोड. तू महिन्याचा हिशेब लिहितेस ना, त्याच वहीत रोज दोन ओळी लिहीत जा. शेजारच्या काकूंनी न विचारता डबा पाठवला. मेडिकलवाला म्हणाला, ‘पैसे सावकाश द्या.’ सासूबाई आज चार घास जास्त जेवल्या. नणंदेने फोन केला नाही, तेही लिही! फक्त तारीख घाल, तात्पर्य नको. काही वर्षांनी चाळशील तेव्हा दिसेल, ‘आपल्याला कुणी नाही’ म्हणून तू ज्या दिवशी रडलीस, त्याच दिवसाखाली काकूंचा डबा लिहिलेला आहे. माझी जी काय श्रद्धा आहे, ती देवळापेक्षा अशा जुन्या वह्या चाळतानाच जास्त पक्की झाली.

एक मात्र लक्षात ठेव. काही दुःखांना कधीच अर्थ लागत नाही. तान्हं मूल जाणं, तरणंताठं माणूस जाणं, यात कसलं आलंय चांगलं? तिथे ओढूनताणून कारण चिकटवू नकोस, दुसऱ्या कुणाला चिकटवू देऊ नकोस. तेवढं पान कोरं राहिलं म्हणून देवावरचा विश्वास उणा ठरत नाही. प्रश्न तसाच ठेवूनही माणूस संध्याकाळी दिवा लावतोच की.

बरं, या रविवारी मी येतेय. सासूबाईंजवळ मी बसेन, तू दुपारभर झोप काढ. आणि ‘चांगल्यासाठीच’ म्हणणारं कुणी टपकलंच, तर चहा पाजू आणि औषधांची चिठ्ठी हातात देऊन मेडिकलला पिटाळू.