दूरचित्रवाणीचा पडदा आणि त्यावरील ठिपके

२०१८ सालीं आपल्या वसतिगृहासाठीं नवा दूरचित्रवाणी-संच घ्यावयाचें ठरलें. वर्गणी मुलांच्या पालकांनीं दिली होती, आणि तींत कित्येकांच्या घरची शेतमजुरीची कमाई होती. कोणता संच घ्यावा हें सांगण्याचें काम विज्ञान शिकविणारा म्हणून मजकडे आलें. दुकानांत जवळजवळ सारख्याच किमतीचे दोन संच होते : एक ५० इंची ‘फुल एचडी’ व दुसरा ४३ इंची ‘फोर के’. दुसऱ्याच्या खोक्यावरील ठिपक्यांचा आंकडा पहिल्याच्या चौपट होता. मीं तोच घेण्यास सांगितलें. पहिल्याच रात्रीं बातम्या लागल्या, आणि मागच्या बांकावरून आवाज आला, “सर, जुन्या संचावर यापेक्षां बरें दिसत होतें !” त्या वेळीं मजपाशीं उत्तर नव्हतें. तें उशिरां कां होईना, येथें देत आहें.

दुकानदार ज्याला ‘रिझोल्यूशन’ म्हणतो ती पडद्यावरील ठिपक्यांची संख्या होय. हे ठिपके म्हणजे पिक्सेल. प्रत्येकांत तांबडा, हिरवा व निळा असे तीन बारीक प्रकाशखंड असतात. ठिपक्यांची रांगोळी ज्यांनीं पाहिली आहे त्यांना ही गोष्ट समजावयास अवघड नाहीं. एकाच फरशीवर पांच ओळी ठिपके मांडले तर कमळाची पाकळी कोनेदार येते. पंचवीस ओळी मांडल्या तर तीच पाकळी वळण घेते. ‘एचडी रेडी’ पडद्यावर बहुधा १३६६ × ७६८, म्हणजे सुमारें साडेदहा लक्ष ठिपके असतात, ‘फुल एचडी’वर १९२० × १०८०, म्हणजे २०,७३,६००, आणि ‘फोर के’वर ३८४० × २१६०, म्हणजे ८२,९४,४००. नांवें ठेवणारांनीं येथें थोडा घोटाळाच केला आहे. १०८० हा आंकडा आडव्या ओळींचा, तर ‘फोर के’ हें नांव एका ओळींतील ठिपक्यांवरून (सुमारें चार हजार) पडलेलें. दोन्ही दिशांनीं वाढ दुपटीचीच आहे.

परंतु ठिपके कितीहि असले तरी ते पाहावयाचे डोळ्यांनीं, आणि डोळ्यालाहि मर्यादा आहे. निरोगी डोळा साधारणतः एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनापर्यंतचे भेद ओळखूं शकतो. हें पाहण्यासाठीं आम्हीं एक प्रयोग केला. पांढऱ्या कागदावर एक मिलिमीटर जाडीच्या काळ्या रेघा एक-एक मिलिमीटर अंतर सोडून काढल्या, कागद भिंतीला लावला आणि मुलांना एकेक पाऊल मागें जावयास सांगितलें. हिशेबाप्रमाणें सुमारें सव्वाअकरा फुटांवर रेघा मिसळून करडा पट्टा दिसावयास हवा. बहुतेकांना तो दहा ते तेरा फुटांच्या दरम्यान दिसला. एका मुलाला मात्र पांच फुटांवरच दिसूं लागला. मागच्या बांकावरून तक्रार करणारा तो हाच. त्याला नेत्रवैद्याकडे नेलें तेव्हां चष्म्याची गरज आढळली. संच आणला नसता तर ही गोष्ट आणखी किती वर्षें लपून राहिली असती कोण जाणे !

आतां त्रैराशिक मांडून पाहा. ४३ इंची पडद्याची रुंदी सुमारें ९५२ मिलिमीटर. ‘फुल एचडी’ असेल तर त्यावर एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा पडतो, ‘फोर के’ असेल तर पाव मिलिमीटरचा. एक मिलिमीटर सव्वाअकरा फुटांवर मिसळतो, तर अर्धा मिलिमीटर साडेपांच फुटांच्या थोडें पुढें मिसळणार, आणि पाव मिलिमीटर पावणेतीन फुटांच्या पुढें. आमचा पहिला बांक आठ फुटांवर होता, शेवटचा पंधरा फुटांवर. म्हणजे ज्या ठिपक्यांसाठीं मीं मोठा पडदा सोडला, त्यांचा लाभ एकाहि मुलाला होत नव्हता. ५० इंची पडद्यावर मात्र अक्षरें सुमारें एक षष्ठांशानें मोठीं दिसलीं असतीं, आणि नकाशावरील गांवांचीं नांवें मागें बसलेल्यांना वाचतां आलीं असतीं. शेवटचा बांक पुढें ओढून आम्हीं कसेंबसें भागविलें.

राहिली बातम्यांची तक्रार. ती केवळ चष्म्याची नव्हती. मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. तेव्हांची प्रक्षेपणपद्धति ६२५ ओळींची. त्यांपैकीं चित्राच्या ओळी ५७६. साध्या वाहिन्यांचें अंकीय चित्रहि त्याच मापाचें, फार तर ७२० × ५७६, म्हणजे ४,१४,७२० ठिपक्यांचें असतें. यानें ८२,९४,४०० ला भागून पाहा. बरोबर २० येतात. म्हणजे वाहिनीनें पाठविलेल्या एका ठिपक्यामागें पडद्याला एकोणीस ठिपके स्वतःच्या अनुमानानें भरावे लागतात. जुन्या संचाचा पडदा लहान असल्यानें दोष झांकून जाई. नव्यानें तो मोठा करून दाखविला. हीच वाहिनी ‘एचडी’ स्वरूपांत घेतांच चित्र पुष्कळ सुधारलें.

ज्यांच्या घरीं यंदा संच घ्यावयाचा आहे त्यांनीं आधीं खुर्ची व भिंत यांमधील अंतर मोजावें. पडद्याच्या कर्णाच्या सुमारें सव्वादोनपट अंतरापुढें ‘एचडी रेडी’चे ठिपके मिसळतात, दीडपटीच्या किंचित् पुढें ‘फुल एचडी’चे, व पाऊणपटीच्या पुढें ‘फोर के’चे. ३२ इंची संच सहा फुटांहून दूर ठेवावयाचा असल्यास ‘एचडी रेडी’ पुरतो. संगणकाप्रमाणें जवळ बसून वाचावयाचें असल्यास पुरत नाहीं. मोठे पडदे आतां बहुतेक ‘फोर के’च येतात, तेव्हां तेथें हा प्रश्न फारसा उरत नाहीं, ‘एट के’साठीं मात्र अधिक पैसे मोजण्याचें कारण मला घरगुती उपयोगांत दिसत नाहीं. आणि खोक्यावर ‘फोर के सपोर्ट’ असें लिहिलें असेल तर जरा थांबावें. त्याचा अर्थ संच तसें चित्र स्वीकारतो एवढाच असूं शकतो. पडदा स्वतः १३६६ × ७६८ चाच असण्याचा संभव असतो. ‘पॅनेल’चे ठिपके किती, असें दुकानदारास विचारावें आणि तो आंकडा माहितीपत्रकांत छापलेला दाखवावयास सांगावें.