गिरगाव नेमकं कोणतं? ऑनलाइन फॉर्ममध्ये पत्ता निवडताना



दिवाळी जवळ आली की गटांना मुंबईहून फराळाच्या, मसाल्यांच्या ऑर्डरी येतात. कुणी सरस प्रदर्शनात आपल्या मालाची चव घेतलेली असते, कुणाचं गावाकडचं नातं असतं. यातले बरेच पत्ते गिरगाव, दादर, परळ, लालबाग अशा जुन्या वस्त्यांतले. पार्सल बुक करायला आपण मोबाईलवर फॉर्म उघडतो. तीन-चार अक्षरं टाकली की खाली नावांची यादी उघडते आणि घाईत आपलं बोट पहिल्याच नावावर पडतं. गफलत इथेच होते. पार्सल भलत्या जिल्ह्यात गेलं, तर ते परत येईपर्यंत सण निघून जातो, फराळ मऊ पडतो आणि दुप्पट भाड्याचा भुर्दंड गटाला बसतो. म्हणून आजचा पाठ या यादीबद्दल.

एक नाव, अनेक गावं

गिरगाव मुंबईत आहे, तसं कोल्हापूरच्या करवीर तालुक्यातही आहे आणि हिंगोलीच्या वसमत तालुक्यातही. दादर नावाचं गाव रायगडच्या पेण तालुक्यात आहे. इंग्रजीत नुसतं ‘दाद’ एवढं टाकलं तर दादरासोबत उत्तर प्रदेशातलं दादरीसुद्धा येऊ शकतं. लालबाग तर बंगळुरूलाही आहे, लखनौलाही आणि इंदूरलाही. परळ आणि लोअर परळ जवळजवळ असले, तरी त्यांचे पिनकोड वेगळे आहेत.

यादी कशी तयार होते?

फॉर्मच्या मागे नकाशाचा मोठा साठा असतो. आपण टाकलेल्या अक्षरांशी जुळणारी नावं तो शोधतो. बरेच फॉर्म आपला फोन कुठे आहे तेही बघतात आणि जवळचं ठिकाण वर दाखवतात. वसमतमध्ये बसून ‘गिरगाव’ टाकणाऱ्या ताईला शेजारचंच गिरगाव सगळ्यात वर दिसू शकतं. फोनच्या हिशेबानं ते बरोबरच आहे, पण आपलं गिऱ्हाईक मुंबईचं, हे त्याला ठाऊक नसतं.

आणखी एक लक्षात ठेवा. आपल्या मनात काय होतं ते फॉर्म साठवत नाही. ज्यावर बोट पडलं ते ठिकाण साठवतो. यादी म्हणजे नुसती सूचना. निवड आपली, जबाबदारीही आपली.

खात्रीची खूण: पिनकोड

सारख्या नावांचा हा घोळ मोबाईलच्या आधीचा आहे. तो सोडवायला १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड सुरू झाला. ही पद्धत बसवणारे अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी आणि संस्कृतचे मोठे जाणकार. सहा आकड्यांतले पहिले तीन टपालाचा जिल्हा सांगतात, शेवटचे तीन पोस्ट ऑफिस.

आपल्या कामाचे आकडे वहीत लिहून ठेवा:

- गिरगाव: ४००००४
- परळ आणि लालबाग: ४०००१२
- लोअर परळ: ४०००१३
- दादर पूर्व: ४०००१४
- दादर पश्चिम: ४०००२८

आता फरक बघा. कोल्हापूरचा पिनकोड ४१६ ने सुरू होतो, हिंगोलीचा ४३१ ने, पेणचा ४०२ ने. मुंबईचा ४०० ने. (ठाणे आणि नवी मुंबईसुद्धा ४०० मध्येच येतात, म्हणून सहाही आकडे बघायचे.)

निवडताना चार पायऱ्या

१. गिऱ्हाइकाकडून पिनकोड आधी मागून घ्या. पत्ता फोनवर ऐकून लिहू नका, व्हॉट्सॲपवर लिहून मागवा.

२. नुसतं ‘लालबाग’ न टाकता ‘लालबाग मुंबई’ टाका. नाव सापडत नसेल तर स्पेलिंग बदलून बघा. इंग्रजीत गिरगाव आणि गिरगाम, लालबाग आणि लालबाघ अशी दोन्ही रूपं चालतात.

३. बोट ठेवण्याआधी नावाखालची बारीक ओळ वाचा. शहर आणि राज्य तिथंच असतं.

४. निवडल्यावर फॉर्ममध्ये आलेला पिनकोड गिऱ्हाइकाच्या पिनकोडशी ताडून बघा. जुळत नसेल तर पुढे जाऊ नका.

चाळीचा पत्ता हातानं लिहा

यादीत वस्ती सापडते, चाळीतली खोली सापडत नाही. एकाच नावाच्या चाळीही बऱ्याच असतात. म्हणून खोली नंबर, मजला, चाळीचं नाव आणि जवळची खूण वरच्या रकान्यात स्वतः लिहा. रस्त्यांना दोन-दोन नावं आहेत, तेही ध्यानात ठेवा. लोक डिलाईल रोड म्हणतात, पाटीवर ना. म. जोशी मार्ग असतं. एल्फिन्स्टन रोड स्टेशन २०१८ पासून प्रभादेवी झालं आहे.

संघाचा स्वतःचा फॉर्म करून घेताना

काही संघ आता ऑर्डरसाठी स्वतःचा फॉर्म करून घेतात. फॉर्म बनवणाऱ्याला पीठ चाळण्याचं उदाहरण द्या आणि तीन चाळण्या मागा.

पहिली चाळण देशाची: फक्त भारतातली नावं दिसावीत. दुसरी प्रकाराची: पत्त्याच्या यादीत दुकानं, हॉटेलं नकोत, वस्त्या आणि रस्तेच हवेत. तिसरी भागाची, आणि इथं जरा विचार करावा लागतो. ही चाळण दोन तऱ्हेनं लावता येते. एक, ‘मुंबई आधी’: मुंबईची नावं वर, बाकीची खाली. दुसरी, ‘फक्त मुंबई’: बाहेरचं काहीच दिसणार नाही. दुसरी सोपी वाटते, पण लालबाग-परळच्या चाळींतली किती कुटुंबं आज डोंबिवली, बदलापूर, विरारला राहायला गेली आहेत! फार बारीक चाळण लावली तर त्यांची ऑर्डर आपणच अडवू. म्हणून ‘मुंबई आधी’ ठेवा आणि पिनकोडचा रकाना सक्तीचा करा. यादीत नाव नसेल तर हातानं लिहायची सोयही मागा.

पुढच्या बैठकीत करून बघा

प्रत्येकीनं आपल्या फोनवर ‘गिरगाव’ टाकावं आणि पहिली तीन नावं वाचून दाखवावीत. कुणाच्या यादीत कोणतं गिरगाव वर आलं ते वहीत लिहा. मग ‘गिरगाव ४००००४’ टाकून पुन्हा बघा. ज्या ताईंना इंग्रजी वाचायला अडचण आहे, त्यांनी आकड्यांकडे लक्ष द्यावं. पिनकोड वाचता आला, की निम्मं काम झालं. पार्सल बुक करणारी एक आणि पिनकोड ताडून बघणारी दुसरी, असा नियम गटानं केला तर उत्तमच.