भाच्याचा डोस आणि आरसी सर्किट

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

गेल्या हिवाळ्यात ताईची डिलिव्हरी आठव्या महिन्यातच झाली. बाळ 1.6 किलोचं. इन्फेक्शनचा संशय होता म्हणून नागपूरच्या एका हॉस्पिटलात त्याला काचेच्या पेटीत ठेवलं आणि जेंटामायसिन सुरू केलं. चोवीस तास उलटले तरी दुसरं इंजेक्शन नाही. ताई रडायला लागली, "विसरले गं हे लोक!" मी तावातावाने सिस्टरकडे गेले. त्यांनी चार्ट दाखवला: दर 36 तासांनी. शेजारच्या पेटीतल्या पूर्ण दिवसांच्या बाळाला मात्र तेच औषध दर 24 तासांनी होतं.

मित्रांनो, याचं उत्तर आपल्या नेटवर्क थिअरीत आहे. शरीर म्हणजे कपॅसिटर, मूत्रपिंड म्हणजे रेझिस्टर. डोस दिला की कपॅसिटर चार्ज होतो, मग एक्स्पोनेन्शियल कर्व्हने उतरतो.

आपल्याला वाटतं, मोठ्या माणसाचा डोस वजनाच्या प्रमाणात कमी केला की झालं. तसं नाही. जेंटामायसिन पेशींबाहेरच्या पाण्यात पसरतं आणि बाळाच्या शरीरात हे पाणी खूप. मोठ्या माणसात त्याला किलोमागे साधारण पाव लिटर जागा मिळते, अपुऱ्या दिवसांच्या बाळात जवळजवळ अर्धा लिटर. म्हणजे कपॅसिटर किलोमागे दुप्पट! पण औषध बाहेर टाकणारं मूत्रपिंड अजून कच्चं, म्हणून रेझिस्टन्सही जास्त. मोठ्यांमध्ये दोन-तीन तासांत औषध निम्मं होतं, अशा बाळात सात-आठ तास लागू शकतात.

आता भाच्याचा हिशेब (फक्त समजण्यापुरता, कुणी डॉक्टर बनू नये). किलोला 4.5 मिग्रॅ धरले तर डोस 7.2 मिग्रॅ. जागा 0.8 लिटर. म्हणजे सुरुवातीला लिटरमागे 9 मिग्रॅ. हा पीक उंच लागतो, कारण जंतू त्यानेच मरतात. दर 8 तासांनी निम्मं होत गेलं तर 24 तासांनी 1.1 उरतं, 36 तासांनी 0.4. तळाची ही पातळी सहसा 1 च्या खाली हवी, नाहीतर मूत्रपिंडाला आणि कानाला धोका. गेलेलं ऐकू परत येत नाही. म्हणजे डोस ठरतो जागेवरून, अंतर ठरतं निचऱ्यावरून. आणि 80 मिग्रॅच्या 2 मिली इंजेक्शनातून 7.2 मिग्रॅ म्हणजे फक्त 0.18 मिली! सिरिंजवरच्या रेघा मोजताना हात थरथरला तर? म्हणून औषध आधी पातळ करून घेतात.

मग दर तासाला रक्त तपासून फीडबॅक का घेत नाहीत? कारण या बाळात रक्तच सगळं मिळून 130-140 मिली. मेसच्या पाण्याच्या ग्लासभरही नाही. क्रिएटिनीन बघावं तर पहिल्या काही दिवसांत त्यात आईचंच मिसळलेलं असतं. सेन्सरच चुकीचा! म्हणून आता काही ठिकाणी सॉफ्टवेअर वापरतात. त्यात अनेक बाळांचं मॉडेल आधीच असतं, आपल्या बाळाचे एक-दोन सॅम्पल दिले की अंदाज सुधारतो. कालमन फिल्टरचा चुलतभाऊच म्हणा.

पण लॅबच नसेल तर? नागपूरच्याच मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीच्या 39 गावांत 1995 ते 1998 मध्ये हा प्रश्न प्रत्यक्ष सोडवला. पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्या बायका घरोघरी जाऊन बाळाचं वजन करत, लक्षणं बघत आणि जंतुसंसर्ग वाटला तर घरीच जेंटामायसिन टोचत, सोबत को-ट्रायमोक्साझोलचं औषध तोंडाने देत. आधी अशा आजारी बाळांपैकी 16.6 टक्के दगावत, नंतर 2.8 टक्के. हे 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. मला तर वाटतं, त्या वजनकाट्याचं इंजिनिअरिंग आपल्या प्रोजेक्टांपेक्षा भारी आहे.

आठव्या दिवशी चार्टवर 36 खोडून 24 लिहिलेलं होतं. ताई परत घाबरली. या वेळी मीच तिला वहीत ग्राफ काढून दाखवला: आठवड्यात मूत्रपिंड सुधारलं, औषध आता लवकर बाहेर पडतंय. घरी सोडायच्या आधी भाच्याच्या कानाची तपासणी झाली. दोन्ही कान पास.