धावपट्टी आणि विमानसेवा : एक पाठ-टिपण



केळापूर तालुक्यातील एका शाळेत सातवीच्या वर्गात दळणवळणाच्या साधनांवरील पाठ चालू असता एका मुलीने विचारले, “गुरुजी, यवतमाळला विमानतळ आहे, मग लोक विमानासाठी नागपूरला का जातात?” प्रश्न पुस्तकाबाहेरचा म्हणून तेथेच राहिला. वस्तुतः त्या दिवशीचा खरा पाठ त्या प्रश्नातच होता. तो कसा घेता येईल, याचे हे टिपण.

उद्देश : धावपट्टी म्हणजे विमानसेवा नव्हे, हे विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबविणे. केवळ इमारतीने शाळा होत नाही. शिक्षक, विद्यार्थी व वेळापत्रक यांनी ती होते. विमानतळाचेही तसेच आहे.

विषयप्रवेश : आपल्याला जवळचे उदाहरण नागपूरचे. १९४९ च्या जानेवारीत रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र येत आणि टपालाच्या थैल्यांची व उतारूंची अदलाबदल करून परत फिरत. ती सेवा पुढे बंद झाली. परंतु ठरलेल्या वेळी चार दिशांचा मेळ बसत असे, म्हणूनच नागपूर हे केंद्र झाले. नकाशावर चार रेषा काढून हे दाखवावे.

विवेचन : खळ्यावर उपणणी करताना शेतकरी आधी वारा पाहतो, तसाच वैमानिकही पाहतो. विमान शक्यतो वाऱ्यास सामोरे जाऊन चढते व उतरते. यासाठी मैदानावर कापडी वातशंकू लावलेला असतो. जुन्या कापडाचा असा शंकू मुलांकडून करवून शाळेच्या अंगणात लावावा. धावपट्टीच्या टोकांवरील आकडे दिशेचे अंश सांगतात; शेवटचे शून्य गाळून ९० चे ०९ व २७० चे २७ लिहितात. येथे कोनमापकाशी सांगड घालावी. तापलेली हवा विरळ असते, म्हणून उन्हाळ्यात विमानास अधिक लांब धाव घ्यावी लागते. लहान विमानतळांवर बहुधा सुमारे ७० आसनांची, दोन पंख्यांची विमाने येतात. त्यांना तुलनेने आखूड धावपट्टी पुरते.

परंतु पट्टीखेरीज अग्निशामक पथक, हवामानाची नोंद, वैमानिकांशी संदेशवहन, सुरक्षा-तपासणी आणि शासकीय परवाना ही सर्व हवीत. रात्री उतरावयाचे तर दिवेही हवेत. यांचा खर्च विमान आले नाही तरी चालूच राहतो.

फलकावरील हिशेब : एका फेरीचा खर्च २,१०,००० रुपये मानू. ७० उतारू असल्यास प्रत्येकी ३,००० रुपये पडतात. ३० असल्यास ७,०००. भाडे वाढले की उतारू घटतात, आणि उतारू घटले की भाडे आणखी वाढते. शेवटी सेवा बंद पडते.

हे चक्र तोडण्यासाठी केंद्र शासनाने २०१६ साली ‘उडान’ योजना आखली. तीत विमानातील ठराविक जागांचे भाडे मर्यादित ठेवून तूट शासन भरून देते. २७ एप्रिल २०१७ रोजी नांदेड-हैदराबाद सेवा या योजनेखाली सुरू झाली. जळगावची सेवा डिसेंबर २०१७ मध्ये सुरू होऊन काही महिन्यांत थांबली व २०१९ मध्ये पुन्हा चालू झाली. १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीजवळील बेलोरा येथून मुंबईची सेवा सुरू झाली. यवतमाळला धावपट्टी आहे, नियमित प्रवासी सेवा मात्र नाही. नागपूरला अनेक शहरांची विमाने मिळतात, म्हणून उतारू तिकडेच वळतो. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर हेच.

येथे मुले विचारतील, “आमच्या घरी कोणी विमानात बसलेले नाही; आम्हांला याचे काय?” हा प्रश्न टाळू नये. दान केलेले हृदय साधारणतः चार तासांच्या आत रुग्णापर्यंत पोहोचावे लागते. पुरात मदत, दूरच्या रुग्णालयात न्यावयाचा अत्यवस्थ रुग्ण, या सर्वांना जवळची सुसज्ज धावपट्टी उपयोगी पडते. शिवाय तिच्यावर सार्वजनिक पैसा खर्च होतो. तो आपलाही आहे. तूट किती काळ भरून द्यावी, तोच पैसा एस.टी.वर खर्चावा काय, यावर दोन्ही बाजूंनी वर्गात चर्चा घडवावी. निर्णय शिक्षकाने सांगू नये.

स्वाध्याय : (१) आपल्या गावाहून पांढरकवडामार्गे नागपूर विमानतळास जाण्याचा वेळ व खर्च काढा. (२) यवतमाळसाठीही तोच हिशेब करून दोहोंची तुलना करा. (३) यवतमाळहून आठवड्यात दोनच फेऱ्या असल्या, तर तुमचे पालक कोणता मार्ग निवडतील? कारणे लिहा.

पुस्तकाबाहेरच्या प्रश्नास ‘उद्या पाहू’ म्हणण्यास हरकत नाही. मात्र तो उद्या खरोखर उजाडावा. ज्या मुलीने विचारले, तिलाच प्रथम फलकावरील हिशेब करू द्यावा.