तुरुंगाची भिंत आणि समाजाचे आरोग्य

तुरुंगाची भिंत माणसाला अडवते. रोगाला अडवत नाही. कोंदट, दाटीवाटीच्या बराकीत क्षयरोग सहज पसरतो आणि सुटलेले कैदी व तुरुंग कर्मचारी यांच्यामार्फत वस्तीपर्यंत पोहोचतो. म्हणून कैद्यांचे आरोग्य हा सार्वजनिक आरोग्याचाच भाग होय.

ही दाटी का होते? २०२२ च्या अखेरीस भारतातील दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन ‘कच्चे कैदी’ होते. म्हणजे त्यांच्या खटल्यांचा निकाल लागलेला नव्हता. जामिनाची रक्कम भरता न आल्याने अनेक गरीब आरोपी तुरुंगातच राहतात. १९७९ मध्ये हुसैनआरा खातून खटल्यात बिहारमधील अशा कैद्यांची व्यथा सर्वोच्च न्यायालयापुढे आली. जलद सुनावणी हा जीविताच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, असा निर्वाळा न्यायालयाने दिला.

संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार तुरुंग व सार्वजनिक आरोग्य हे दोन्ही राज्यसूचीतील विषय आहेत. तुरुंगात पुरेसे डॉक्टर आहेत का, प्रत्येक नव्या कैद्याची तपासणी होते का, हे सभागृहात विचारणे, त्यासाठी निधी मंजूर करणे आणि जुने नियम बदलणे हे आमदारांचे कर्तव्य आहे.

मात्र कच्च्या कैद्यालाही तुरुंगातून मतदान करता येत नाही. ज्याला मत नाही, त्याचे म्हणणे आमदारांपर्यंत कोण पोहोचवणार? ही जबाबदारी बाहेरच्या मतदाराची आहे.

पाठगत प्रश्न
१. ‘कच्चा कैदी’ कोणास म्हणतात?
२. तुरुंगातील आरोग्यसेवा सुधारण्याची विनंती करणारे पत्र आपल्या आमदारांना लिहा.